बँड कास्ट रिकॉन: शीट पट्ट्याला चिकटते, बारीक भोकं पडतात, कटरवर भुगा होतो. कुठून सुरुवात करू?

पट्टा_बारा:

आम्ही रिकॉन करतो, म्हणजे तंबाखूचा चुरा आणि देठ दळून, पाण्यात डिंकाबरोबर कालवून (ही स्लरी), पट्ट्यावर पातळ पसरून वाळवलेली शीट; ती सिगारेट कारखाना पत्तीत मिसळतो. पट्ट्यावर पसरण्याची ही पद्धत म्हणजे बँड कास्ट. लाइन लहान आहे. स्टीलचा अखंड पट्टा, रुंदी १.२ मीटर, वाळवणीची लांबी २० मीटर, वेग मिनिटाला १२ मीटर. खालून वाफेचे बॉक्स, वरून गरम हवा.

माल असा: एफसीव्ही (गरम हवेच्या भट्टीत वाळवलेला व्हर्जिनिया) तंबाखूचा चुरा आणि भुकटी मिळून ७० टक्के, देठ ३० टक्के. दोन्ही एकत्र दळतो, चाळणी ८० मेश. कोरड्या मालावर ग्वार गम ४ टक्के आणि ग्लिसरीन ३ टक्के. लाकडाचा लगदा आधी ५ टक्के होता, खर्च वाचवायला बंद केला. स्लरीत घन पदार्थ २० टक्के धरलेत, तपासणी पाळीत एकदाच होते. तयार शीट चौरस मीटरला ११० ग्रॅम, ओल ओव्हनवर १२ टक्के येते.

तक्रारी तीन.
पहाटेकडे शीट डॉक्टर ब्लेडपाशी (वाळलेली शीट पट्ट्यावरून सोडवणारं पातं) चिकटते आणि उभ्या पट्ट्यांत फाटते. दिवसा हे फार कमी होतं.
टाचणीच्या टोकाएवढी भोकं सगळीकडे दिसतात.
सिगारेट कारखाना म्हणतो, कटरनंतर तुमच्या शीटचा भुगाच जास्त पडतो.

वाफ वाढवली तर चिकटणं कमी न होता वाढतं. वरून दबाव आहे की बँड कास्ट सोडून कागदी पद्धतीची लाइन घ्या. त्याआधी आहे त्यातच काय सुधारता येईल ते कळायला हवं.

---

तेलपाणी:

पट्ट्यावर लेसिथिनचा पातळ हात फिरवा. तेवढ्याने सुटेल.

---

स्लरीकाकू:

लेसिथिनने सुटेल, पण दोन दिवसांनी पुन्हा येईल. शिवाय जास्त लागलं तर स्लरी पट्ट्यावर नीट पसरत नाही, थेंब धरून मागे सरकते आणि तिथे नवी भोकं पडतात. ते आधाराला ठेवा. मूळ कारण आधी शोधायला हवं.

पट्टा_बारा, तुमच्या लिहिण्यात एक शब्द महत्त्वाचा आहे: पहाटेकडे. पट्टा तोच, ब्लेड तेच, वाफ तीच. रात्री वेगळं काय असतं? माझा अंदाज असा की संध्याकाळी एक मोठी बॅच करून ठेवता आणि ती सकाळपर्यंत पुरवता. तसं असेल तर सगळं जुळतं.

ग्वार हा साखरेच्या लांब साखळ्यांचा डिंक. तंबाखूच्या भुकटीत बॅक्टेरिया भरपूर असतात, पाणी कोमट असतं, खाद्य तयार असतं. त्यांची एन्झाइमं ग्वारच्या साखळ्या तोडत जातात. सहा-सात तासांत स्लरी पातळ होते, बाइंडर म्हणून तिची ताकद जाते, आणि तुटलेल्या साखळ्यांतून जी साखर सुटते ती गरम स्टीलवर चिकट थर धरते. म्हणजे शीट कमजोर झालेली आणि पट्टा चिकट झालेला, दोन्ही एकाच वेळी. वाफ वाढवली की तो थर आणखी भाजतो. तुमचं चिकटणं वाफेबरोबर वाढतं ते यामुळे.

पडताळायला सोपं आहे. व्हिस्कोमीटर (स्लरीचा घट्टपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, मोजणारं यंत्र) घ्या, बॅच झाल्यावर लगेच, मग दर दोन तासांनी, टाकीतून नव्हे तर कास्टिंग बॉक्समधून (जिथून स्लरी पट्ट्यावर पसरते) नमुना घेऊन मोजा. स्पिंडल, फेरे आणि तापमान दरवेळी तेच ठेवा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. सोबत पीएच बघा. व्हिस्कॉसिटी आणि पीएच दोन्ही उतरत असतील तर स्लरी आंबतेय.

उपाय: बॅच लहान करा, तीन तासांत संपेल एवढीच. टाकी रिकामी झाली की तळ आणि पाइप गरम पाण्याने धुऊन मगच पुढची भरा. जुन्या स्लरीचा एक इंच तळाशी राहिला तरी तो विरजणाचं काम करतो. पट्टा धुतलेलं पाणी परत स्लरीत घेत असाल तर ते आधी तापवून घ्या किंवा घेऊच नका. पोटॅशियम सॉर्बेट ०.१ ते ०.२ टक्के चालतं. त्याने बुरशी थांबते, आधीच सुटलेल्या एन्झाइमांवर मात्र त्याचा काही परिणाम नाही.

ग्वार कसा टाकता तेही सांगा. गोणीतून थेट पाण्यात ओतत असाल तर बाहेरून ओला, आतून कोरडा असे गोळे होतात. ते गोळे पुढे शीटवर काचेसारखे ठिपके म्हणून दिसतात आणि तेवढा डिंक फुकट जातो. १००० किलो स्लरीत २० टक्के घन म्हणजे २०० किलो कोरडा माल, त्यात ग्वार ८ किलो. हे ८ किलो आधी ४० किलो कोरड्या भुकटीत रिबन ब्लेंडरमध्ये नीट मिसळा, मग ढवळणी चालू असताना भोवऱ्यात हळूहळू सोडा. नंतर २० ते ३० मिनिटं फुगू द्या. फुगण्याआधी मोजलेली व्हिस्कॉसिटी खोटी असते. ती कमी वाटली म्हणून ऑपरेटर आणखी डिंक टाकतो आणि अर्ध्या तासाने पंप अडकतो.

---

मेश_मायक्रॉन:

काकूंचं रात्रीचं निदान पटतं. पण भोकं दिवसाही पडतात, त्यांचं मूळ दळणात आहे.

८० मेश म्हणजे सुमारे १८० मायक्रॉन. आता शीटची जाडी काढा. ११० ग्रॅम चौरस मीटरला, घनता ०.६५ च्या आसपास धरली तर जाडी साधारण ०.१७ मिलिमीटर, म्हणजे १७० मायक्रॉन. तुमचा सगळ्यात मोठा कण शीटपेक्षा जाड आहे! ओल्या थरात तो बुडलेला राहतो, थर वाळून आकसला की वर डोकं काढतो, त्याच्याभोवती ताण येऊन चीर पडते. पुढे तो कण निखळला की त्या जागी भोक.

त्यात देठ चुऱ्याबरोबर दळताय. चुरा ठिसूळ असतो, लगेच पावडर होतो. देठ चिवट आणि तंतूंचा. त्याचे कण काडीसारखे लांब निघतात आणि उभे होऊन चाळणीतून निसटतात. मेशच्या आकड्यापेक्षा खरी लांबी दुप्पट-तिप्पट असते. देठ वेगळा दळा, १२० मेशला म्हणजे १२५ मायक्रॉनला चाळा, वर राहिलेला परत चक्कीत घाला. चुऱ्याला १०० मेश पुरे.

चक्कीत जाणारा माल ८ टक्क्यांच्या आत सुकवलेला असावा. एफसीव्हीत साखर भरपूर असते. ओल १०-११ टक्क्यांवर गेली आणि चक्की तापली की चाळणी गुळासारखी भरते. मग ऑपरेटर वैतागून मोठ्या भोकाची चाळणी लावतो आणि कुणाला सांगत नाही. चाळणी रोज काढून डोळ्यांनी बघा, फाटलेली चाळणी हे कारणही अगदी नेहमीचं.

दुसरी गोष्ट वाळू. चुऱ्यातला सगळ्यात बारीक भाग, २०० मेशच्या म्हणजे ७५ मायक्रॉनच्या खालचा, यात वाळू आणि माती गोळा होते. तो भाग दळायच्या आधीच चाळून काढा. दळल्यावर वाळू आणि तंबाखू वेगळी करणं जवळपास अशक्य. तपासणी: नमुना ५५० अंशांना मफल भट्टीत जाळायचा, राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायची, गाळून उरलेलं पुन्हा जाळून वजन करायचं. जे उरलं ती सिलिका. हा आकडा गाडीगणिक ठेवा. वाळूने स्क्रू पंपाचा स्टेटर खातो, ब्लेडला खाचा पडतात, पट्ट्यावर उभे ओरखडे येतात आणि पुढे सिगारेट कारखान्याच्या कटरच्या सुऱ्या बोथट होतात. भुग्याची तक्रार करणारा कारखाना सुऱ्यांचीही तक्रार करतो का, विचारून बघा.

चक्कीच्या आधी चुंबक आहे ना? तंबाखूची बारीक धूळ हवेत मिसळली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. चुंबक, डक्टला अर्थिंग, बॅग फिल्टरला स्फोट बाहेर सोडणारं झाकण, या तिन्हींत काटकसर नको.

---

निपाणीकाठ:

थोडं अवांतर. आमच्या भागात बिडी तंबाखूचा चुरा अर्ध्या भावात मिळतो. तो १५-२० टक्के घातला तर?

---

मेश_मायक्रॉन:

निपाणीकाठ, घालू नका. बिडीचा तंबाखू शेतात जमिनीवर पसरून उन्हात वाळवतात, त्यामुळे वर लिहिलेली वाळू त्यात कितीतरी जास्त. शिवाय साखर कमी, निकोटिन जास्त, रंग काळपट. सिगारेटच्या मिश्रणात त्याची चव आणि रंग दोन्ही उठून दिसतात. स्वस्तात घेतलेलं वाळू काढण्यात जाईल.

---

कंडेन्सेट:

आता वाळवणीकडे येतो. वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण घन पदार्थ पाळीत एकदाच तपासणं मला सगळ्यात जास्त खटकलं. आकडे मांडतो.

११० ग्रॅमच्या शीटमध्ये १२ टक्के ओल म्हणजे कोरडा माल ९६.८ ग्रॅम. स्लरी २० टक्के असेल तर चौरस मीटरला ४८४ ग्रॅम ओला थर टाकावा लागतो आणि त्यातलं ३७४ ग्रॅम पाणी उडवावं लागतं. स्लरी १८ टक्क्यांवर आली आणि वजन तेच राखायला ऑपरेटरने गॅप (कास्टिंग बॉक्सच्या थर पाडणाऱ्या ब्लेडखालची फट) वाढवला, तर ओला थर ५३८ ग्रॅम, पाणी ४२८ ग्रॅम. दोन टक्क्यांच्या फरकाने पाणी १४ टक्के वाढलं. तुमच्या पट्ट्यावर तासाला ८६४ चौरस मीटर निघतात, म्हणजे ३२३ किलोऐवजी ३७० किलो पाणी तासाला. ड्रायर तेवढाच. मग वाफ वाढते, वरचा थर भाजतो, तळ ओला राहतो. शीट ब्लेडवर वरून कडक आणि खालून चिखल अशी येते. फाटणारच.

म्हणून घन पदार्थ दर तासाला. मॉइश्चर बॅलन्सवर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. नमुना पातळ पसरवा, नाहीतर साय धरते आणि आतलं पाणी मोजलंच जात नाही.

गॅपबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. ४८४ ग्रॅमचा थर म्हणजे जाडी सुमारे ०.४६ मिलिमीटर, म्हणून थर पाडणारं ब्लेड ०.४६ वर लावतात आणि वजन कमी आलं की चक्रावतात. पट्टा स्लरीला ओढून नेतो तेव्हा फटीत पट्ट्यालगतचा थर पट्ट्याच्या वेगाने जातो आणि ब्लेडलगतचा जागेवर थांबतो. त्यामुळे बाहेर पडणारा थर गॅपच्या निम्म्याच्या जरा वर येतो, बॉक्समधली पातळी जास्त असेल तर आणखी थोडा जाड. ०.७ ते ०.८ मिलिमीटरपासून सुरुवात करा. आणि बॉक्समधली पातळी फ्लोटने कायम एकच ठेवा, ती वरखाली झाली की वजनही वरखाली होतं.

तापमानाची मांडणी: पहिल्या तृतीयांशात वरची गरम हवा मंद ठेवा, उष्णता खालून येऊ द्या. वरून आधी तापवलं तर पृष्ठभागावर साय धरते, खालची वाफ ती फोडून बाहेर येते, झालं भोक. थर पातळ आणि ओला असताना पट्टा उकळीच्या खाली, ८५ ते ९५ अंशांत असावा. मधला भाग जोरात चालवा. शेवटच्या भागात पुन्हा हात आखडता घ्या.

आणि हे ओव्हनचे १२ टक्के. ओव्हनमध्ये १०० अंशांच्या वर नुसतं पाणी जात नाही, ग्लिसरीनचा थोडा भाग आणि निकोटिनही उडतं. ओव्हन सगळं पाणी म्हणूनच मोजतो. खरं पाणी १०-११ असू शकतं. म्हणजे तुम्हाला वाटते त्यापेक्षा शीट कोरडी जातेय, आणि कोरडी शीट कटरवर काचेसारखी तुटते. महिन्यातून एकदा कार्ल फिशरवर (फक्त पाणीच मोजणारी रासायनिक चाचणी) पडताळा आणि ओव्हनचा आकडा किती खोटा आहे ते एकदा ठरवून टाका.

डॉक्टर ब्लेडपाशी शीट हाडासारखी कोरडी आणू नका. साधारण १४ ते १८ टक्क्यांवर सोडवा, मग जाळीच्या पट्ट्यावर १२-१३ पर्यंत आणा. दुसरा ड्रायर नसेल तर ब्लेडच्या मीटरभर आधी धुक्यासारखा फवारा. ३ टक्के ओल वाढवायला चौरस मीटरला फक्त ३.३ ग्रॅम पाणी लागतं, पूर्ण पट्ट्याला तासाला तीन किलोसुद्धा नाही. त्यामुळे साधा नोझल चालणार नाही, थेंब पडतील. हवेच्या दाबावर चालणारा बारीक नोझल लागतो.

---

स्लरीकाकू:

कंडेन्सेट, भोकांचं सगळं खापर सायीवर नको. जोरात फिरणाऱ्या मिक्सरने स्लरीत हवाही भरपूर कोंडली जाते आणि इतक्या घट्ट स्लरीतून ती आपोआप वर येत नाही. ओळखायचं कसं: ओल्या थरावर, ड्रायरमध्ये शिरायच्या आधी टॉर्च तिरका धरून बघा. तिथेच बुडबुडे दिसले तर दोष हवेचा. तिथे थर गुळगुळीत आणि बाहेर येताना भोकं, तर दोष वाळवणीचा. भोकाच्या कडेला खडबडीत कण हाताला लागला तर दळणाचा.

हवा काढायला झाकणबंद टाकीत ६०० मिलिमीटर पारा एवढा निर्वात, पंधरा-वीस मिनिटं, ढवळणी अगदी मंद. स्लरी ४० अंशांच्या आत ठेवा, जास्त गरम असेल तर निर्वातात उकळून आणखी फेस येतो. आणि टाकीत स्लरी वरून धबधब्यासारखी पडू देऊ नका, पाइपाचं तोंड पातळीखाली न्या.

---

पट्टा_बारा:

खूप आभार सगळ्यांचे. दोन दिवस मोजमाप केलं.

रात्रीची बॅच खरंच एकच असते, दहा वाजता केलेली, सकाळी सहापर्यंत चालते. व्हिस्कॉसिटी कास्टिंग बॉक्समध्ये बॅच झाल्यावर १४,०००, पहाटे चारला ५,५०० सेंटिपॉइज. पीएच ५.३ वरून ४.७. घन पदार्थ रात्री १८.१ टक्के निघाले, कारण पंप अडकला की ऑपरेटर पाणी मारतो. टॉर्चने पाहिलं तर ओल्या थरात बुडबुडे आहेत, पण थोडे. बहुतेक भोकांच्या कडेला देठाचा कण सापडतो. सुऱ्यांची तक्रार विचारली, आहे.

दोन प्रश्न. ग्वारऐवजी सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला डिंक) घेतलं तर रात्रीचा प्रश्न सुटेल का? आणि लगदा पुन्हा सुरू करावा का?

---

स्लरीकाकू:

सीएमसी जिवाणूंपुढे ग्वारपेक्षा जरा जास्त टिकतं, पण तंबाखूत कॅल्शियम खूप असतं आणि सीएमसीची व्हिस्कॉसिटी कॅल्शियमने पडते. बोअरचं जड पाणी असेल तर आणखी. ग्वारवर विद्युतभार नाही, त्याला कॅल्शियमचं सोयरसुतक नाही. लहान बॅच आणि स्वच्छ टाकी ठेवाल तर ग्वार बदलायचं कारण नाही.

बाहेरचा डिंक टाळणारी तिसरी वाट आहे, ती माहितीसाठी सांगते. देठात पेक्टिन भरपूर असतं, पण कॅल्शियमने बांधलेलं. डायअमोनियम फॉस्फेट घातलं की फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं, पेक्टिन सुटं होऊन तेच बाइंडरचं काम करतं. फिलिप मॉरिसने १९६० च्या दशकात याची पेटंटं घेतली. पण त्याला अमोनिया घालून पीएच चढवावा लागतो, स्लरी गरम ठेवून वेळ द्यावा लागतो, ड्रायरवर अमोनियाची वाफ येते आणि चढ्या पीएचला निकोटिनही वाफेबरोबर निघतं. तुमच्या ड्रायरला बंद हुड आणि स्क्रबर नाही असं धरून चालते. तेव्हा नकोच.

लगदा मात्र पुन्हा सुरू करा. तो बंद करणं ही खोटी बचत होती. डिंक कणांना जोडतो, पण शीट वाकली की भेग पुढे सरकायची थांबवतो तो तंतू. दळलेल्या देठात तंतू उरतच नाही, आपणच त्याची भुकटी केलेली असते. सॉफ्टवुडचा लगदा ५ टक्के, म्हणजे १००० किलोच्या बॅचला १० किलो कोरडा, आणि तेवढी भुकटी कमी. नुसता भिजवून चालणार नाही, बीटरमध्ये कुटून तंतू फुलवावे लागतात. कुटताना तो साडेतीन टक्क्यांवर असतो, म्हणजे १० किलोबरोबर जवळपास २७५ किलो पाणी येतं. ते ८०० किलोतून वजा करा. हे विसरलं की घन पदार्थ थेट सोळा टक्क्यांच्या खाली जातात, आणि मग सगळे बाइंडरला दोष देत बसतात.

ग्लिसरीन ३ वरून ४ करून बघा, शीट लवचिक होईल. ५ च्या वर जाऊ नका, निदान पावसाळ्यात तरी. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असताना ग्लिसरीन पाणी ओढतं, खोक्यात शीट एकमेकींना चिकटून वीट होते आणि १५ टक्क्यांच्या वर ओल गेली की बुरशी. आत प्लास्टिकची पिशवी, तोंड बांधलेलं, आणि शीट गार झाल्यावरच भरणं. गरम भरलेल्या खोक्यात आतून दव धरतं.

---

प्रायमरी_बाजू:

सिगारेट कारखान्याच्या बाजूने थोडं. भुग्याची तक्रार नेहमीच पुरवठादाराची नसते.

पत्तीच्या (देठ काढलेल्या पानाच्या) पट्ट्या कटरला जाताना १८ ते २० टक्के ओलीवर असतात, त्या वाफेच्या कंडिशनिंग ड्रममधून येतात. ग्वारवाली कास्ट शीट त्या ड्रममधून घातली तर वाफेने आणि केसिंगच्या (चवीसाठी फवारलेल्या द्रावणाच्या) पाण्याने तिचा डिंक सुटतो, ड्रमच्या भिंतीला चिकटते, उरलेली तुटते. म्हणून रिकॉन ड्रमच्या पुढे, वजनाच्या पट्ट्यावरून मोजून सोडायचं, आणि मग ब्लेंडिंग सायलोत काही तास पत्तीबरोबर राहू द्यायचं. पत्तीतली ओल रिकॉनकडे जाते, दोन्ही सारख्या होतात. सायलोत वेळ न देता १२ टक्क्यांची शीट थेट कटरला दिली तर कुणाचीही शीट मोडेल. त्यांचा कट किती आहे? इंचाला ३० कट म्हणजे ०.८५ मिलिमीटर. ०.१७ जाडीची शीट त्या रुंदीत कापताना सुऱ्या बोथट असतील तर ती कापली जात नाही, ओरबाडली जाते.

तुलना करायची तर दोघांनी एकच कसोटी धरा. नमुना २२ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवून मगच ताणशक्ती आणि चाळणीवरचा भुगा मोजा. तुमचा नमुना पावसाळी खोलीतला आणि त्यांचा एसी लॅबमधला असेल तर भांडण संपणार नाही.

---

लगदावाला:

कागदी पद्धतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

त्यात तंबाखू ६०-७० अंशांच्या पाण्यात भिजवून पिळतात. अर्क एकीकडे, चोथा दुसरीकडे. चोथा डिस्क रिफायनरमधून कुटून, लाकडाचा लगदा मिसळून, कागदासारखाच जाळीवर पसरतात. हेडबॉक्समध्ये (लगदा जाळीवर सोडणारी पेटी) घन पदार्थ एक टक्क्याच्या आसपास असतात, म्हणजे किलोभर तंतूमागे शंभर लिटरच्या घरात पाणी फिरतं. अर्क निर्वात बाष्पकात ४०-५० टक्क्यांपर्यंत आटवून, ग्लिसरीन वगैरे घालून, तयार वेबवर (जाळीवर बनलेल्या शीटवर) साइझ प्रेसच्या रुळांनी परत चढवायचा आणि वाळवायचं. शीट मजबूत, फुगीर, कटरवर भुगा कमी, आणि अर्क हातात असल्याने त्यातलं नायट्रेट कमी-जास्त करता येतं. फ्रान्समध्ये ल मान्सजवळच्या स्पे इथला एलटीआर या रिकॉन बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना याच पद्धतीचा.

पण तुमचं उत्पादन तासाला शंभर किलोच्या आत आहे. तेवढ्यासाठी रिफायनर, बाष्पक, कागद मशीन, मोठा बॉयलर आणि काळ्या-तपकिरी सांडपाण्याची प्रक्रिया उभी करणं म्हणजे एका पोळीसाठी भट्टी पेटवणं. शिवाय बारीक भुकटी त्या पद्धतीला नकोशी असते, ती जाळीतून निसटून पाण्यात जाते. तुमचा ७० टक्के माल भुकटी-चुऱ्याचा. तो कास्टिंगलाच शोभतो. आणि आंबण्यापासून सुटका तिथेही नाही. पातळ अर्क टाकीत रात्रभर ठेवला की तोही सकाळी फेसाळलेला सापडतो.

---

पट्टा_बारा:

आठ दिवसांनंतरची स्थिती.

तीन तासांच्या बॅच, मध्ये टाकी धुणं, घन पदार्थ दर तासाला. देठ वेगळा १२० मेशला. लगदा ५ टक्के परत, त्याचं पाणी वजा करून. पंप अडकला तर पाणी मारायचं नाही, आधी ढवळणीचा वेळ बघायचा, असं पाटीवर लिहून लावलं. चक्कीआधी २०० मेशखालचा माल काढून टाकतो, त्याने कच्च्या मालात ६ टक्के घट आली, पण वाळूचा आकडा निम्म्याच्या खाली गेला.

पहाटेचं चिकटणं गेलं. भोकं खूप कमी, उरलेली बहुधा हवेची, निर्वात टाकीचं काम चालू आहे. कार्ल फिशर बाहेरून करून घेतलं, ओव्हनच्या १२ ला खरं पाणी १०.४ निघालं. आता ओव्हनवर १३.५ धरतो.

एक गोष्ट राहिली. डाव्या कडेपासून ३५ सेंटिमीटरवर एक उभी पट्टी अजून फाटते. रोज तिथेच.

---

कंडेन्सेट:

रोज तिथेच म्हणजे स्लरीचा दोष नाही. स्लरीची गाठ जागा बदलते. जागा न बदलणारी गोष्ट तीनपैकी एक: ब्लेडची खाच, वाफेच्या बॉक्सची गार जागा, किंवा हवेच्या नोझलचं बुजलेलं भोक.

डॉक्टर ब्लेड आधी. काढून नखाने धार चाचपा. ब्लेड पट्ट्यापेक्षा मऊ धातूचंच असावं, झिजायचं तर ब्लेडने झिजावं. ते उलटं-सुलटं करून लावा. पट्टी डावीकडून उजवीकडे गेली तर ब्लेडच.

नाही गेली तर रुंदीवर पाच ठिकाणचे नमुने घ्या, त्यातला एक बरोबर ३५ वर, आणि ओल मोजा. तिथे बाकीपेक्षा जास्त निघाली तर बॉक्समध्ये पाणी साचतंय. प्रत्येक स्टीम ट्रॅपच्या (वाफ अडवून साचलेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) आधी आणि नंतर पाइपाचं तापमान स्पर्श थर्मामीटरने बघा. आधीची बाजूच गार असेल तर ट्रॅप बंद अडकलाय, दोन्ही बाजू सारख्याच कडक गरम असतील तर उघडा अडकलाय. बॉक्सचा उतार ट्रॅपच्या दिशेला आहे का ते लेव्हल पट्टीने तपासा. ओल कमी निघाली तर वर बघा, शेजारचं नोझल बुजलं की उरलेल्यांतून हवा जोरात येते आणि एकच पट्टी भाजते.

---

पट्टा_बारा:

ब्लेड फिरवून लावलं, पट्टी तिथेच राहिली. ३५ वर ओल १९ टक्के, बाकी चार ठिकाणी १५ ते १६. दुसऱ्या बॉक्सच्या ट्रॅपआधीचा पाइप हात लावण्याइतका गार आहे. रविवारी उघडतो.

---

स्लरीकाकू:

रविवारी लाइन बंदच आहे तर पट्ट्याचा वेल्डचा सांधाही बोटाने चाचपून घ्या. आणि टाकी धुणाऱ्या मुलांना रबरी हातमोजे द्या, कापडी नकोत. ओल्या तंबाखूतलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. भिजलेला कापडी मोजा तेच तासन्‌तास हाताशी धरून ठेवतो. मळमळ, गरगरणं, घाम असं कुणी सांगितलं तर ते उन्हाचं समजून सोडून देऊ नका, लगेच हात धुवायला लावून डॉक्टरकडे न्या.